एकसष्ट कोंबड्यांचं स्थलांतर

तालुक्याचे जनावरांचे डॉक्टर आमच्या परसातल्या शेडमध्ये वाकून शिरले, हाताला लागली ती कोंबडी उचलली, तिची पाठ उजेडाकडे केली आणि म्हणाले, "हिला रोग काही नाही. हिला जागा नाही."

पाठीवर एक पीस शिल्लक नव्हतं. चौसष्टातल्या तीन कोंबड्यांना बाकीच्यांनी टोचून टोचून मारलं होतं आणि उरलेल्या एकसष्ट पुढचा नंबर कुणाचा लावायचा या विचारात एकमेकींकडे बघत उभ्या होत्या. डॉक्टरांनी औषध लिहून दिलं नाही. मोकळी जमीन, हिरवं गवत आणि उकरायला माती, एवढंच सांगितलं, चहा घेतला आणि गेले.

कोंबड्या माझ्या बायकोच्या, विजयमालाच्या. माझा त्यांच्याशी संबंध एवढाच, की दोन वर्षं त्यांच्या वासाबद्दल मी सकाळ-संध्याकाळ बोलत आलो होतो. तेव्हा खरं तर मी खूश व्हायला हवं होतं, कारण डॉक्टर गेल्यावर विजयमाला म्हणाली, "चिकनवाल्या गुंडाभाऊला फोन केलाय. सरावन हाय तवर कोन घेत न्हाई. गणपती उठलं की टेम्पो घिऊन येतो म्हनला. सगळ्याच देऊन टाकती."

हे बोलताना ती एका कोंबडीच्या उघड्या पाठीला हळद लावत होती. लावून झाली, तरी बोट फिरवतच होती. तीस वर्षांच्या संसारात मला जे थोडं कळलंय त्यात हे एक आहे, की विजयमाला रडत नाही. ती एकच काम पुन्हा पुन्हा करते.

माझ्या तोंडून निघून गेलं, "मी नेतो त्यांना माळावर."

तिनं वर बघितलं. "तुमी?"

एवढा एकच शब्द. पण त्यात पुष्कळ काही होतं. तरी ते तिनं सुटं करून सांगितलंच. "तुमाला घरातलं कपाट हालवायचं झालं तर चार मानसं लागत्यात, आनि ती चारी मानसं मी बोलवायची. गुंडाभाऊला मी शबूद दिलाय, त्यो येनार. तवर तुमी काय करायचं ते करा."

मी, नानासो थोरात, पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षं आरेखक होतो. कालवे, चाऱ्या, पूल यांचे नकाशे मी काढलेत. त्यातले काही प्रत्यक्षातही आले. अशा माणसाला एकसष्ट कोंबड्या दोन किलोमीटरवरच्या स्वतःच्या माळावर नेता येत नाहीत असं कुणी म्हणावं, हे मला लागलं. त्याच दुपारी मी माळ्यावरून जुना ड्रॉइंग बोर्ड खाली काढला. काढताना तो पायावर पडला, पण हे विजयमालाला कळू दिलं नाही.

कोंबड्या नुसत्या माळावर सोडून चालत नाही. कुत्री आहेत, मुंगूस आहे, रात्री रानमांजर आहे. आणि एकाच जागी ठेवलं तर आठ दिवसांत ती जागा खरवडून शेडसारखीच होते. तेव्हा खुराडं हवं, आणि तेही फिरतं. आज इथं, उद्या तिथं, रोज पायाखाली नवं गवत. उसाच्या बैलगाडीची दोन टायरची चाकं, वर लोखंडी अँगलचा सांगाडा, जाळी, पत्रा, आत बसायला दांड्या आणि अंड्यांसाठी बारा कप्पे. लांबी चौदा फूट, रुंदी आठ. नकाशा इतका सुरेख झाला, की खाली सही करून मी तारीखसुद्धा घातली.

आमचं हिवरमाळ विट्यापासून फार लांब नाही, त्यामुळे आमच्या आळीतली निम्मी घरं गलाईवाल्यांची. माणसं सोनं गाळायला पार केरळ-तमिळनाडूपर्यंत गेलेली आणि इथं दारांना कुलपं. पण आळीचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, आणि माणूस गावापासून जितका लांब तितका त्याचा सल्ला जास्त. सेलमहून एकानं कळवलं, की पत्रा नको, नारळाच्या झावळ्या घाला. हिवरमाळात नारळाचं झाड एकच आहे आणि ते मारुतीचं आहे. दुसऱ्यानं विचारलं, की कोंबड्यांऐवजी शेळ्या का नाही. मी सगळ्यांना 'विचार करतो' असं उत्तर दिलं आणि वेल्डिंगवाल्याला परसात बोलावलं.

शेजारचे आकाराम फौजेतून सुभेदार म्हणून रिटायर झालेले. ते रोज सकाळी खुर्ची घेऊन यायचे आणि वेल्डिंगच्या ठिणग्या पोचणार नाहीत अशा अंतरावर बसायचे. आठव्या दिवशी खुराडं पुरं झालं. रंग दिला, हिरवा. आकारामांनी खुराड्याभोवती एक फेरी मारली, मग परसाच्या फाटकापर्यंत चालत गेले, तिथून पावलं मोजत परत आले आणि शांतपणे म्हणाले, "सायेब, हे आठ फूट हाय. फाटक सात फूट हाय."

नकाशात फाटक होतं. फाटकाची खूण होती, विहिरीची होती, लिंबाची होती. मापं मी फक्त नव्या कामाची घातली होती.

"रेकी न करता मूव्ह केलासा," आकाराम म्हणाले.

त्या संध्याकाळी परसात निम्मं गाव जमलं. कुणी म्हणालं आडवं करून काढा, कुणी म्हणालं टायरची हवा सोडा. हवा सोडल्यानं उंची कमी होते, रुंदी नाही, हे मी तीनदा समजावून सांगितलं. चौथ्यांदा सांगत असताना मागं कुणीतरी हवा सोडली. शेवटी मी पहार मागवली आणि फाटकाशेजारची चार फूट भिंत पाडायला लावली. ती भिंत माझ्या वडिलांनी बांधलेली होती आणि तिच्यात सिमेंट कमी घातलंय असं ते मरेपर्यंत कबूल करत नव्हते. दुसऱ्याच घावाला पडली. खुराडं अजून परसातच उभं होतं, पण भिंत पडल्याचा व्हिडिओ सेलमला पोचला होता.

विजयमाला उंबऱ्यापर्यंत आली. भगदाड बघितलं. "पानी तापलंय, आंगोळ करून घ्या," म्हणाली आणि आत गेली. ती काही बोलली असती तर बरं वाटलं असतं.

आता ट्रॅक्टर. गावात रिकामा म्हणून एकच, आणि तो तालमीच्या मंडळानं गणपती आणायला ठरवलेला. तोड अशी निघाली, की चतुर्थीच्या सकाळी ट्रॅक्टर आधी आमचं खुराडं माळावर सोडेल आणि तिथून परतून ट्रॉली जोडून विट्याला मूर्ती आणायला जाईल. यात कुणाचंच नुकसान नव्हतं. फक्त मंडळानं बँजोवाल्यांना सकाळी आठची वेळ दिली होती, आणि ट्रॅक्टर निघाला म्हटल्यावर त्यांना वाटलं मिरवणूक निघाली.

मी खुराड्याच्या जाळीला हात लावून बाजूनं चालत होतो. पुढं बँजो, मागं लेझीम, मध्ये ट्रॅक्टर आणि त्यामागं हिरव्या खुराड्यात एकसष्ट कोंबड्या, श्वास रोखून गप्प. स्टँडवर विट्याची एसटी थांबली होती. खिडकीतल्या एका म्हातारीनं आधी हात जोडले आणि मग आत काय आहे ते बघून माझ्याकडे बघितलं. त्या नजरेचं मी वर्णन करणार नाही. चौकात पोरांनी गुलाल उधळला. जाळीतून तो आत गेला, आणि माळावर पोचलो तेव्हा आमच्या पांढऱ्या-तपकिरी गिरिराज कोंबड्या सगळ्या गुलाबी झाल्या होत्या. मीही झालो होतो. माझा शर्ट पांढरा होता.

माळ मात्र त्या दिवशी बघण्यासारखा होता. मुरमाड जमीन, बारा महिन्यांतले दहा महिने उघडी, पण त्या वर्षी पाऊस वेळेवर झाला होता आणि घोट्याएवढं कुसळी गवत उठलं होतं. शेंगा धरलेली तरवड, चार बाभळी, नाकतोडे. कोंबडीनं स्वप्नात बघावा असा माळ. मी दार उघडलं, फळी उताराला लावली आणि बाजूला झालो.

एकही कोंबडी बाहेर आली नाही.

अर्धा तास झाला. तास झाला. त्या दाराशी येत, बाहेर बघत आणि मागं सरत, जशी खेड्यातली माणसं पहिल्यांदा सरकत्या जिन्यापाशी थांबतात तशी. आयुष्यात त्यांनी सिमेंटच पाहिलं होतं. गवत हे खाली ठेवलेलं काहीतरी आहे आणि त्यावर पाय देणं बरं नव्हे, असं त्यांचं मत दिसलं. मी दाणे टाकले. त्यांनी माना लांब करून फळीवरचे दाणे खाल्ले आणि पुढचे तिथंच सोडले.

बांधापलीकडे तात्याबा उभा होता. पूर्वेकडच्या कोरड्या भागातलं त्याचं घराणं, पिढ्यान् पिढ्या मेंढरामागचं. पावसाळ्यात त्याचा तळ आमच्या माळाशेजारी असतो. काठीवर दोन्ही हात, हातांवर हनुवटी. सकाळपासून तो बघत होता. मला वाटलं विचारावं, पण एकतीस वर्षं नोकरी केलेल्या माणसानं पहिल्याच दिवशी विचारायचं म्हणजे काय. तोही आपणहून बोलला नाही.

दुसरा दिवस तसाच गेला. तिसऱ्या दिवशी मी ठरवलं, की त्या येत नसतील तर आपण आत जायचं आणि मागून रेटायचं. दार अडीच फुटांचं. मी रांगत आत शिरलो. मी पुढं सरकलो की त्या माझ्या अंगावरून मागं जात, मी मागं वळलो की पुढं. या गडबडीत एकीनं दाराला धडक दिली, दार मिटलं आणि बाहेरची कडी पडली. ती कडी आपोआप पडावी अशी योजना मीच केली होती. नकाशात तिला स्वतंत्र बाण होता.

मोबाइल बाहेर, चपलांशेजारी. मी कप्प्यांना टेकून बसलो. एक कोंबडी माझ्या मांडीवर येऊन बसली, दुसरी खांद्यावर. पंधरा मिनिटांनी मोटारसायकलचा आवाज आला आणि जाळीपलीकडे पँटीची घडी न मोडलेले दोन पाय उभे राहिले. आमचे नवे ग्रामसेवक शिवतेज. नोकरीला लागून वर्ष झालं नव्हतं आणि नियमांची पुस्तिका ते खरोखर वाचत.

"थोरात साहेब," ते वाकून म्हणाले, "तुमच्या नावची नोटीस आहे. गट नंबर दोनशे चौदामध्ये विनापरवाना बांधकाम केल्याबद्दल."

झालं होतं असं, की आकारामांनी ग्रामपंचायतीत बसून माझी तारीफ केली होती. "आमच्या सायबांनी माळावर बंगला हुबा केलाय, चौदा बाय आठ," असं ते कौतुकानं म्हणाले होते. ते कौतुक शिवतेजनी टिपून घेतलं होतं.

मी आतून म्हणालो, "भाऊसाहेब, हे बांधकाम नाही. ह्याला चाकं आहेत."

त्यांनी वाकून चाकं पाहिली. "छप्पर आहे. दार आहे. कप्पे आहेत." मग माझ्याकडे पाहिलं. माणूस आदबशीर, हसले नाहीत. फक्त विचारलं, "आपण इथंच राहता?"

"कडी पडलीय."

त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे. नोटीस त्यांनी जाळीतून आत सरकवली, माझी पोच घेतली आणि नियमाप्रमाणे ती वाचूनही दाखवली. त्यात 'बांधकामाचा वापर' असा रकाना होता. तिथं त्यांनी माझ्यासमोर, पेनानं, 'निवासी' असं लिहिलं. मग मोटारसायकलला किक मारून निघून गेले. कडी काढायची असते हे बहुधा पुस्तिकेत नव्हतं.

कडी काढली धोंडुबाईनं, तात्याबाच्या बायकोनं. मी बाहेर आलो, उभा राहिलो, अंगावरची पिसं झटकली. ती म्हणाली, "दादा, तेंनी कवा बगितलंयच न्हाई, तर येतील कशा? तुमी मानूस हाय. तुमचं त्या काय ऐकत्यात. तेंच्यातल्याच कुनीतरी दावाय पायजे."

ती तळावर गेली आणि स्वतःची एक गावठी कोंबडी काखेत घेऊन आली. काळी, एवढीशी, पण डोळ्यांत जरब. पायाला सुतळी बांधून ती तिनं फळीसमोर सोडली. काळीनं इकडंतिकडं बघितलं, पायानं दोनदा माती उडवली, एक नाकतोडा धरला आणि एकसष्ट जणींच्या डोळ्यांदेखत गिळला. मग पुन्हा उकरायला लागली, जसं काही कुणी बघतच नाही. दहा मिनिटांनी आमची पहिली फळीवरून उतरली. गवतावर एक पाय ठेवला, उचलला, परत ठेवला. मग दुसरी. दुपारपर्यंत माळावर गुलाबी ठिपकेच ठिपके झाले होते.

मी घरी येऊन विजयमालाला सांगितलं. ती उकडीचं पीठ मळत होती. "भायेर आल्या?" तिनं विचारलं. "सगळ्या?" मी हो म्हणालो. "बरं झालं," म्हणाली आणि मळलेलं पीठ पुन्हा मळायला लागली. माळावर ये म्हटलं तर आली नाही. "जानाऱ्या हायत त्या. कशाला उगं."

हे ऐकून माझा निश्चय दुप्पट झाला. नोटिशीचंही सोडायचं नाही असं मी ठरवलं. दुसऱ्या दिवशी एसटीनं वाहनांच्या कार्यालयात गेलो. फिरतं आहे म्हणजे वाहन, वाहनाची नोंद झाली की बांधकामाचा प्रश्न मिटला. खिडकीमागच्या बाईंनी माझा नकाशा दोन्ही बाजूंनी पाहिला आणि विचारलं, "इंजिन?" मी म्हणालो नाही. "चालक?" मी म्हणालो, ओढतो मीच. त्यांनी नकाशा परत दिला. "काका, हे वाहन नाही. ग्रामपंचायतीत विचारा." ग्रामपंचायतीत शिवतेज म्हणाले, वाहन नाही असं त्यांच्याकडून लेखी आणा, म्हणजे बांधकाम असल्याचा पुरावा होईल. सरकारी कागदावर मी स्वतः एकतीस वर्षं जगलोय, तेव्हा मला राग आला नाही. फक्त टेबलाच्या या बाजूला खुर्ची किती टणक असते ते नव्यानं कळलं.

आणि मग खुराडं हलवायचा दिवस आला. खालचं गवत संपलं होतं. सकाळी कोंबड्या बाहेर पडल्यावर मी आणि आकाराम मिळून ते शंभर फूट पुढं, ताज्या गवतावर नेलं. सोपं काम. संध्याकाळी मी नव्या जागी दार उघडून वाट बघत बसलो.

सूर्य खाली गेला. कोंबड्या रांगेनं निघाल्या आणि सरळ जुन्या जागेवर गेल्या. तिथं काही नव्हतं. चौदा बाय आठचा पिवळा डाग होता. त्या डागावर त्या ओळीनं बसल्या, एकमेकींना खेटून, उघड्या आभाळाखाली, आणि डोळे मिटले. शंभर फुटांवर हिरवं, हवेशीर, बारा कप्प्यांचं खुराडं रिकामं उभं.

एकेक उचलून न्यावी लागली. एका हातात एक, दुसऱ्या हातात एक, अशा फेऱ्या. आकाराम दाराशी उभे राहून हजेरी घेत होते. साठ भरल्या. एक घारीनं नेली होती. आकाराम बराच वेळ 'एकसष्ट' म्हणायला थांबून राहिले, आणि मग वहीत काहीतरी लिहून त्यांनी वही मिटली. घरी आलो. विजयमालाला मी आकडा सांगितला. ती म्हणाली, "घार काय, येनारच." पण जेवायला वाढताना भाकरी दोनदा वाढली.

दुसऱ्या संध्याकाळी तेच. तिसऱ्या संध्याकाळी तेच. माझी कंबर धरली. चौथ्या दिवशी सकाळी मी माझा एकतीस वर्षांचा अनुभव बाजूला ठेवला, बांध ओलांडला आणि तात्याबाला विचारलं.

त्यानं काठीवरून हनुवटी उचलली. "मी म्हनत हुतो, कवा इचारतासा."

"मग आधी का सांगितलं नाहीस?"

"तुमी कागुद घिऊन आलावतासा. म्हनलं, कागदात आसंल." मग तो खुराड्याभोवती फिरला. "हे बगा. मेंढरू काय, कोंबडं काय, निजायच्या जागंला जीव लावतंय. तुमी एकदम लांब न्हेलं की तेंचं घरच गेलं. कालच्या जागंला चिकटून आजची जागा पायजे. रोज आपल्या अंगाएवढंच फुडं."

म्हणजे रोज चौदा फूट. इतकं साधं. त्यानं आपली एक जुनी वाघर, मेंढरांभोवती लावतात ती दोरीची जाळी, दिवसा कुत्र्यांपासून आडोसा म्हणून दिली आणि ती कशी ताणायची हे दाखवलं. त्या दिवशी आम्ही खुराडं फक्त त्याच्याच लांबीएवढं हलवलं. संध्याकाळी कोंबड्या जुन्या डागावर आल्या, थबकल्या, समोर दार दिसलं आणि एकामागून एक आत गेल्या. सतरा बाहेर राहिल्या. दुसऱ्या दिवशी पाच. तिसऱ्या दिवशी एकही नाही.

गणपती उठले. खुराडं रोज चौदा फूट सरकत राहिलं. कोंबड्यांच्या पाठीवर बारीक पिसं फुटली, एकमेकींना टोचणं थांबलं; टोचायला आता अख्खा माळ होता. अंडी वाढली, पण मी ती घरी नेऊन काही न बोलता टोपलीत ठेवायचो, आणि विजयमाला काही न बोलता ती मोजायची.

एके दिवशी शिवतेज पंचनाम्याला आले. नोटिशीची मुदत संपली होती. पंच म्हणून आकाराम आणि तात्याबा. आकाराम त्या 'बंगल्या'बद्दल आदल्या दिवशीच माफी मागून गेले होते, म्हणून ते फार ताठ उभे होते. शिवतेजनी नकाशा उलगडला, बांधावरचे दगड तपासले आणि गट नंबर दोनशे चौदामध्ये इकडून तिकडं दोनदा चालले. तिथं पिवळ्या डागांची एक लांब रांग होती, जशी कुणा मोठ्या माणसाची पावलं. रांग बांधापाशी संपत होती. बांधाच्या पलीकडे, माझ्याच पण दोनशे पंधरा नंबरच्या गटात, खुराडं उभं होतं.

मी खोटं बोलणार नव्हतो. "भाऊसाहेब, ते काय समोर," मी म्हणालो.

शिवतेजनी तिकडं पाहिलं, हातातला कागद पाहिला. मग म्हणाले, "माझ्याकडं आदेश दोनशे चौदाचा आहे." खाली बसून त्यांनी लिहिलं: सदर गटात समक्ष पाहणी केली असता कोणतेही बांधकाम आढळून आले नाही. काही पिसे आढळली. पंचांनी सह्या केल्या. निघताना त्यांनी खालच्या आवाजात विचारलं, दोनशे पंधरा किती दिवसांत ओलांडाल. मी म्हणालो, अकरा. "नवीन नोटिशीला पंधरा लागतात," ते म्हणाले आणि गेले. माणूस तयार होत होता.

नवरात्राला चार दिवस राहिले आणि गुंडाभाऊचा टेम्पो आला. नवरात्र बसलं की मटण-कोंबडी बंद, म्हणून आधीच्या आठवड्यात त्याची घाई असते. तो आधी घरी गेला, आणि विजयमाला टेम्पोत पुढं बसून त्याच्याबरोबर माळावर आली. पहिल्यांदाच. डोक्यावर पदर, हातात काही नाही. दहा वाजले होते. कोंबड्या माळभर पांगल्या होत्या.

मी तिच्याजवळ गेलो. "देणार?"

"शबूद दिलाय," ती म्हणाली. तिचे डोळे माझ्याकडे नव्हते. एक कोंबडी तिच्या पायाजवळून पळत गेली आणि तरवडीत शिरली. तिची पाठ भरली होती. विजयमालानं ते पाहिलं. मग ती गुंडाभाऊला म्हणाली, "ह्या बगा हायत. धरून घ्या. मी हात लावनार न्हाई, आनि हेबी लावनार न्हाईत."

गुंडाभाऊची दोन माणसं क्रेट घेऊन उतरली. शेडमधली कोंबडी धरायची म्हणजे वाकायचं आणि उचलायची; त्यांना तेच ठाऊक. पहिला माणूस वाकला. कोंबडी तिथं नव्हती. दुसऱ्यानं झडप घातली आणि कुसळीवर आडवा झाला. मग पळापळ सुरू झाली. ज्यांना तीन आठवड्यांपूर्वी फळी उतरता येत नव्हती त्या बाभळीच्या फांद्यांवर जाऊन बसल्या. सात-आठ टेम्पोच्या टपावर चढल्या. तात्याबानं आपली कुत्री बांधून ठेवली आणि काठीवर हनुवटी टेकली. मी हसू नये म्हणून बांधाचे दगड मोजत होतो.

तासाभरात चार मिळाल्या. गुंडाभाऊ, सव्वाशे किलोचा माणूस, बाभळीखाली बसला आणि घाम पुसत म्हणाला, "वैनी, ही कोंबडी न्हाई राहिली. ही पाखरं झाली. संध्याकाळी आत बसतील तवा घेतो की."

विजयमाला सावकाश म्हणाली, "टेम्पो घिऊन या आनि धरून न्या, आसा शबूद हुता भाऊ. संध्याकाळपतूर थांबा आसा न्हवता. मला घरी सैपाक हाय."

गुंडाभाऊनं वर बाभळीकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि धंद्यातला माणूस असल्यामुळं उठला. चार मात्र त्यानं नेल्या. ती नको म्हणाली नाही. टेम्पो वळणावर दिसेनासा होईपर्यंत ती क्रेटकडे बघत उभी होती. मीही तिच्या शेजारी उभा राहिलो.

स्वयंपाकाला ती गेलीच नाही. दुपारी धोंडुबाईकडची भाकरी-चटणी खाऊन तिथंच बसून राहिली. संध्याकाळी कोंबड्या झाडावरून उतरल्या, रांगेनं आल्या आणि आत गेल्या. तिनं दाराशी वाकून एकेक मोजली. छप्पन्न. कडी तिनंच लावली. मग कमरेवर हात ठेवून माळ इकडून तिकडं पाहिला.

"उद्या कुटं हलवायचं?"

मी नकाशा काढला. "पूर्वेला. सपाट आहे, बांधापर्यंत अजून आठवडाभर पुरेल."

"तिकडं गवात जून झालंय. वरच्या अंगाला बगा, अजून हिरवं हाय. वर वडायचं."

"वर चढ आहे."

"तर मग?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मी दोर खांद्याला लावला. मागून तात्याबा आणि आकाराम ढकलत होते. दोघंही आपापल्या भाषेत एक-दोन-तीन म्हणत होते आणि त्यांचं तीन कधी एकदम येत नव्हतं. माझ्या चपला मुरमावर सरकत होत्या. पुढं, चढाच्या वर, विजयमाला पदर खोचून उभी होती आणि हातानं जवळ बोलावत होती.

"या," ती म्हणत होती. "अजून हातभर. अजून हातभर."